जित्या माणसाची बाज

मी बंजाऱ्यांच्या मोहतांड्याची बाज. दिसायला साधीच आहे. चार खूर, चार दांडे अन् मध्ये अंबाडीच्या दोरीची वीण. पण आमच्या तांड्यात येऊन कोणालाही विचारा, 'बाज कुठं आहे?' लोक घरातल्या बाजा दाखवणारच नाहीत, सरळ माझ्याकडे बोट करतील. दहा वर्षं मी नुसती करकरत आले. आज मात्र सगळं सांगितल्याशिवाय माझ्या दोऱ्या सैल व्हायच्या नाहीत.

छप्पन साली आर्णीला मोहिउद्दीन मिस्त्रीच्या हातून माझा जन्म झाला. खूर बाभळीचे, दांडे सागाचे. मोहिउद्दीन हाताला पक्का अन् तोंडाला तिखट. मला घ्यायला आली बसंतीबाई. तिच्या भीमसिंगचं लग्न ठरलं होतं. बाईनं मला चारही बाजूंनी न्याहाळलं, एकेका खुराला लाथ मारून पाहिली, मग धपकन बसली.

"हा खूर वाकडा हाय," ती म्हणाली.

"खूर सीधा है, मावशी. तुमची मान वाकडी झाली पाहून पाहून," मोहिउद्दीन म्हणाला.

दोघं अर्धा घंटा भांडले. शेवटी तिनं मला गाडीवर चढवलं अन् घर येईपर्यंत कोणाला माझ्यावर टेकूही दिलं नाही. अशी ही बसंतीबाई. दंडापर्यंत बांगड्या, गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, अन् जीभ अशी की तांड्याचा नाईक खेमसिंगसुद्धा तिला पाहून वाट बदलायचा.

सून आली रुपीबाई. अंगानं काटकुळी, पण गळा मोठा. माझ्यावर बसून घागऱ्यावर आरसे अन् कवड्या शिवायची अन् गायची. सासू चुलीपासून ओरडायची, "सून आनली का चिमनी आनली? कामाले अर्धी अन् गान्याले दुप्पट."

रुपी गप्प व्हायची. तिला वाटायचं, सासूला आपण डोळ्यांसमोर नको आहोत. पण मी बाज आहे, मला झोपलेल्या माणसांचंही ठाऊक असतं. पहाटे रुपीच्या अंगावरची गोधडी सरकली की ती सारखी करणारी बसंतीबाईच असायची. हे मी पाहिलं, रुपीनं कधी पाहिलं नाही. माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही. शिव्या मोठ्यानं देतात अन् माया लपूनछपून करतात.

एकोणसाठच्या भादव्यात रुपी बाळंत झाली. मुलगी झाली, चंदा. बारावा दिवस उजाडला अन् रुपीला ताप चढला. पोटात असं दुखायचं की ती माझे दांडे आवळून धरायची. सुईणीचा काढा झाला, भगताचा गंडा झाला. चार दिवसांनी तिचं अंग इतकं तापलं की माझी दोरी चटका बसावा तशी गरम लागायला लागली. ती बोलेना, डोळे उघडेना.

तेव्हा भीमसिंग सकाळीच नाला ओलांडून दोन कोसांवरच्या मिशनच्या दवाखान्यात धावला अन् नर्स विमलताईंना घेऊन आला. विमलताई उमरखेडच्या, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. सायकल काळ्या चिखलाच्या अलीकडेच टाकून अनवाणी आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या तांड्यात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. पुढं जे झालं ते त्यापायीच.

त्यांनी डब्यात सुई उकळली, रुपीला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, नाडी धरली, पोटाला हात लावून पाहिला. अन् मग माझ्या उशाशी गुडघे टेकले, हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू येशू," त्या हळू म्हणाल्या, "ही तुझी लेक आहे. माझ्या पिशवीत होतं ते संपलं. आता तुझे दूत पाठव. या बाजेच्या चार खुरांशी चौघांना उभं कर, अन् हिला दवाखान्यापर्यंत पोचव."

काय सांगू, मी थरारले. माझ्या खुरांशी देवाचे दूत! आजवर माझ्या खुरांशी कोंबड्या बसल्या, कुत्रं बसलं, एकदा खेमसिंग नाईक पिऊन बसला होता. देवदूत काही कोणी बोलावले नव्हते. मी सगळी वीण ताणून वाट पाहायला लागले.

अन् इकडे घरात भलतंच झालं.

आमच्याकडे वैदू असो का भगत, त्यानं हात थांबवले अन् डोळे मिटून बसला, म्हणजे त्यानं हात टेकले. आता औषध नाही, माणूस चालला. अन् माणूस चालला की त्याला बाजेवरून खाली भुईवर घ्यायचं. बाजेवर जीव गेला तर तो दोरीतच अडकतो म्हणतात. बसंतीबाईनं विमलताईंचे मिटलेले डोळे पाहिले अन् तिचं काळीजच फाटलं. विमलताई अजून प्रार्थनेतच बुडालेल्या होत्या, तोवर बसंतीबाई कामाला लागली. तिनं जमीन शेणानं सारवली, घोंगडी टाकली, अन् तिनं अन् शेजारणींनी मिळून रुपीला माझ्यावरून अलगद उचलून खाली निजवलं. बायांनी गळा काढला.

विमलताईंनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले. पाहतात तर बाज रिकामी.

पुढं बरेच दिवस तांडा हे आठवून पोट धरून हसायचा. त्या घडीला मात्र कोणी हसलं नाही. विमलताई गर्रकन वळल्या. बसंतीबाई सुनेच्या तोंडात पाण्याचे थेंब घालत होती.

"मावशी, हे काय केलं?"

"तुमीच तं डोये मिटले, बाई. मंग आमी काय समजाचं?"

"अहो, मी देवाला हाक मारत होते. ही जिवंत आहे. हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे. सलाईन लावलं, दिवसातून चारदा सुई दिली तर ही वाचेल. संध्याकाळच्या आत पोचलं पाहिजे."

बसंतीबाईच्या हातातली वाटी खाली पडली.

आता गाडी जुंपावी तर दोन कोस काळा चिखल, त्यात बैल पोटापर्यंत फसत. झोळीत न्यावी तर रुपी दुमडली जाणार, अन् पोटातलं दुखणं फुटणार. विमलताईंनी माझ्यावर हात ठेवला. "हिच्यावरच न्यायची. सपाट निजवून. चार खांदे द्या."

अंगणात सगळा तांडा जमला होता. एक माणूस पुढं येईना. खेमसिंग नाईक पागोटं सावरत म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. पन आमची रीत आयका. भुईवर घेतलेलं मानूस पुन्ना बाजेवर घेत नाईत. अन् जित्या मानसाले चार खांदे देत नाईत. खांदा लागला का तो मेलाच, अन् देनाऱ्याच्या घरातलंबी एक जाते."

नाईक वाईट नव्हता, हे सांगून ठेवते. स्वतःची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, त्यानं सकाळीच देऊ केली होती, तिचं चाक धड करायला मोहिउद्दीन मिस्त्रीला आर्णीहून बोलावलं होतं. पण रीतीपुढं त्याचं चालेना.

भीमसिंग आला अन् त्यानं डोक्याकडचा उजवा कोपरा धरला. त्याची बायको होती, त्याला कोण काय म्हणणार? मोहिउद्दीन हातातला लाकूड तासायचा वाकस टाकून आला. "माझ्या हातची खाट हाय. तिच्यावर मानूस झोपाले पाहिजे, मराले नाई," असं म्हणून त्यानं डोक्याकडचा डावा कोपरा धरला. विमलताईंनी पदर खोचला अन् पायाकडचा उजवा कोपरा धरला.

तीन झाले. चौथा कोपरा तसाच होता. भीमसिंगनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चुलते होते, मित्र होते, सगळ्यांनी माना खाली घातल्या. इतक्या माणसांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"चौथी मी हाय," बसंतीबाई म्हणाली.

अंगणातल्या सगळ्या माना वर झाल्या. बाई माणूस मेलेल्यालाही खांदा देत नाही, अन् ही जित्याला द्यायला निघाली. नाईक म्हणाला, "बसंती, काई समजून राह्यली का?" तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं रुपीला घोंगडीवरून पोटाशी धरून उचललं अन् माझ्यावर ठेवलं. चंदाला शेजारच्या लालीबाईच्या मांडीवर दिलं. मग भुईवरची ती घोंगडी झटकली, घडी करून खांद्यावर ठेवली, कारण ती बुटकी अन् माझा दांडा तिच्या खांद्याला पुरेना.

"उचल रे," ती म्हणाली.

अन् मी उठले. जन्मात पहिल्यांदा माणसांच्या खांद्यावर! मला खाली चिखल दिसत होता, वर भादव्याचं ऊन, मधे रुपीचा तुटका श्वास. चालणारी माणसं सगळी वेगवेगळ्या उंचीची, त्यामुळं मी बोटीसारखी डोलायची. मोहिउद्दीन ओरडायचा, "मावशी, खांदा वर." बसंतीबाई ओरडायची, "तू वाक, ताडाचं झाड." त्या दोघांच्या भांडणावर पाऊल पडत गेलं, खरं सांगते.

विमलताई धापा टाकत गोष्ट सांगत होत्या. येशूच्या काळी असाच एक लुळा माणूस होता. त्याला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, दारात गर्दी म्हणून घराचं छप्पर उसकटलं अन् वरून दोरांनी बाज थेट येशूपुढं सोडली. मी तर हरखूनच गेले. आमच्या जातीतली एक बाज देवाच्या गोष्टीत आहे, अन् मला हे कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

"मंग? बरा झाला का तो?" बसंतीबाईनं विचारलं.

"झाला. येशूनं आधी त्या चौघांकडे पाहिलं, त्यांचा विश्वास पाहिला."

"मायाजवळ इश्वास नाई, बाई. खांदा हाय."

"आज तेवढा पुरे," विमलताई म्हणाल्या.

नाल्याला मांडीएवढं पाणी होतं, लाल अन् ओढीचं. मधोमध आलो अन् मोहिउद्दीनचा पाय कपारीत गेला. तो छातीपर्यंत पाण्यात बुडाला, त्याच्या खांद्यावरून माझा दांडा निसटला. माझा डोक्याकडचा डावा कोपरा सुटला. त्या बाजूला रुपीचं डोकं होतं. बसंतीबाई किंचाळली.

आता नीट ऐका. मी बाज आहे. मला अक्षर कळत नाही, पण माझे चार कोपरे मला कळतात. कोण धरतं, किती धरतं, कुठं सोडतं, सगळं कळतं. तो कोपरा कोणीच धरला नव्हता. अन् तो खाली गेला नाही. मोहिउद्दीन खोकत, धडपडत उठेपर्यंत, तीन-चार श्वास तरी, माझा कोपरा होता तिथंच राहिला. मग त्यानं खांदा लावला.

काठावर पोचल्यावर चौघं एकमेकांकडे पाहत राहिले. मोहिउद्दीनचे ओठ हलत होते. "फरिश्ता था," तो म्हणाला, "अल्ला की कसम, फरिश्ता था." भीमसिंग म्हणाला, मीच दांडा दाबून धरला असीन. बसंतीबाई म्हणाली, पान्यानं उचललं. विमलताई नुसत्या रडत होत्या अन् हसत होत्या. मला विचाराल तर मी लाकूड आहे, मला खोटं बोलायचं कारण नाही. मला एक हात लागला होता. त्या हाताला वजन नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. मला ओसरीत टेकवून ठेवलं. तिथून मी दवाखाना पाहिला. रोज सकाळी डॉक्टरीणबाई, नर्सा, कंपाउंडर, झाडणारी बाई, सगळे एका ओळीत उभे राहून प्रार्थना करायचे, अन् लगेच घाण पाण्याच्या बादल्या उचलायला धावायचे. दुसऱ्या दिवशी विमलताई रुपीचे रक्तानं माखलेले कपडे धुवत बसल्या होत्या. बसंतीबाईला पाहवेना.

"शिकलेली बाई तू. हे काहून धुतं?"

"आमच्या प्रभूनं लोकांचे पाय धुतले, मावशी. मला कपड्याची कसली लाज?"

बसंतीबाई त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. मग तिनं विमलताईंच्या हातातून पिळा हिसकून घेतला. त्या दिवसापासून ती रुपीचेच नाही, शेजारच्या दोन खाटांचेही कपडे धुवायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुपीला घाम सुटला, ताप उतरला. तिनं पाणी मागितलं. बसंतीबाई बाहेर ओसरीत आली अन् माझ्या दांड्यावर डोकं टेकून खूप रडली. "मीच तिले खाली घेतलतं," ती मला म्हणाली. माणसं एकमेकांना सांगत नाहीत ते आम्हाला सांगतात. सुनेला हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. पुढं सहा वर्षं झाली नाही.

रुपी चालत तांड्यात परतली, मी मात्र घरात जाऊ शकले नाही. चार खांद्यांवर गेलेली बाज, माझ्यावर कोण झोपणार? नाईक म्हणाला, जाळून टाका. बसंतीबाई मोहाच्या झाडाखाली माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जाळ, कोन जाळते पाहू," ती म्हणाली. मग मी तिथंच राहिले, मोहाखाली, उन्हात.

दोन-तीन वर्षं लोक मला वळसा घालून जायचे. अन् बासष्टच्या पोळ्याला गंमत झाली. खेमसिंग नाईकालाच त्याच्या बैलानं शिंगावर घेतलं. मांडी फाटली. नाईक जमिनीवर लोळत ओरडला तो एकच शब्द, "बाज आना रे." रीत तो विसरला, अन् तांडाही विसरला. अकरा जण धावले, चार कोपऱ्यांसाठी भांडणं झाली. बसंतीबाई मागून म्हणाली, "काय नाईक, जित्या मानसाले खांदा चालते का आता?" नाईक कण्हत म्हणाला, "चालते, बाप्पा, चालते."

तेव्हापासून मी सगळ्यांची झाले. साप चावलेला आला, अडलेली बाळंतीण आली, विहिरीत पडलेला आला. सगळे वाचले नाहीत. दोघांचा जीव वाटेतच गेला, माझ्यावरच. तो दोरीत काही अडकला नाही, हे मी सांगू शकते. विमलताई दर मंगळवारी येतात. प्रार्थना करतात, पण मोहतांड्यात त्या डोळे उघडे ठेवूनच करतात. अन् प्रार्थना चालू असेपर्यंत बसंतीबाई माझा खूर घट्ट धरून बसते, न जाणो कोणी माणूस खाली घेतला तर.

अन् मागच्या साली, पासष्टच्या माघात, तीच आजारी पडली. छातीत कफ, श्वास घुरघुरत होता. विमलताई म्हणाल्या, न्यावं लागेल. बसंतीबाईनं हात हलवला.

"मले भुईवर घ्या. माहं झालं आता. आन् रुपी, एक सांगतो तुले. तवा मीच तुले खाली घेतलतं."

रुपी तिच्या तोंडाजवळ वाकली. सहा वर्षांत तीही हे कोणाला बोलली नव्हती.

"याडी, मले ठाऊक हाय. मी जागी होती. डोये उघडत नोहते, पन आयकू येत होतं सारं. भुई लय थंडी होती. मले वाटलं, आता मले कोनीच ठेवून घेत नाई. मंग तुमी म्हनल्या, चौथी मी हाय. ते आयकून मी जीव धरला. नाई तं मी जातच होती."

याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. सून सासूला पहिल्यांदाच आई म्हणाली होती. रुपीनं डोळे पुसले, पदर खोचला अन् माझा पायाकडचा डावा कोपरा उचलला. तो बसंतीबाईचा कोपरा. पुढं भीमसिंग, बाजूला त्याचा चुलता उत्तमसिंग, अन् पागोटं गुंडाळत लंगडत आलेला खेमसिंग नाईक. निम्म्या वाटेवर बसंतीबाईचा श्वास जरा मोकळा झाला, अन् वरून तिचा आवाज आला, "नाईक, खांदा वर घे. मी अजून जिती हाय."

ती बरी झाली. आजही चुलीपासून ओरडते अन् रुपी आज गप्प होत नाही, आणखी मोठ्यानं गाते.

मी म्हातारी झाले आहे. दोरी तीनदा बदलली, एक खूर किडीनं पोखरला आहे. ऐकते की पक्की सडक येते आहे, दवाखान्याची जीप थेट तांड्यापर्यंत येईल. येऊ दे, माझी काही हरकत नाही. मला मोहाखाली पडून राहायला आवडतं. तुमच्याजवळ एवढंच मागते. गावात कोणाची बाज उचलायची वेळ आली, तर तो मरेपर्यंत थांबू नका, आधीच धावत जा. तीन खांदे कसेही मिळतात हो, अडतं ते चौथ्यावर.